२२ मिनिटं, ६० माणसं, एक डोंगर

गेल्या चार-पाच महिन्यांत मी पाच गेम शेवटापर्यंत खेळले. माझ्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, कारण त्याआधीची दोन वर्षं मी एकच अवाढव्य गेम खेळत होते आणि तो काही संपला नाही. नकाशावर शेकडो खुणा, प्रत्येक खुणेपाशी एक काम, प्रत्येक कामाच्या शेवटी एक तलवार, आधीच्या तलवारीपेक्षा जराशी सरस. माझं पात्र ४२व्या लेव्हलला पोचलं होतं. त्याच्याकडे चिलखतं होती, तीन घोडे होते, स्वतःचा किल्ला होता. एका रात्री गेम बंद करताना मनात आलं, या दोन वर्षांत मला स्वतःला नवीन काय यायला लागलं? पहिल्या महिन्यात जे येत होतं, तेच. वाढलं होतं ते पात्र. मी होते तिथेच होते.

त्यानंतर खेळलेले हे पाचही गेम नेमके उलट्या जातीचे निघाले. त्यांत पात्राच्या पदरात जवळपास काहीच पडत नाही. नवीन शस्त्र नाही, वाढती ताकद नाही, पैसे नाहीत. जे साठतं ते खेळणाऱ्याकडे साठतं, कधी डोक्यात, कधी बोटांत. हे मी ठरवून केलं नव्हतं. तिसरा गेम संपल्यावर ते लक्षात आलं, आणि तेव्हापासून त्यावर लिहायचं डोक्यात घोळतंय.

एक सांगून ठेवते. खाली काही गेमांतल्या गोष्टी उघड होतील. 'आउटर वाइल्ड्स'चा शेवट मी सांगणार नाही, पण मधलं एक गुपित सांगितल्याशिवाय मुद्दा पोचत नाही. 'ब्रदर्स'चा मात्र शेवटच सांगणार आहे. ज्यांना हे गेम कोरे खेळायचे असतील त्यांनी आधी खेळून यावं. लेख कुठे पळून जात नाही.

तर 'आउटर वाइल्ड्स'. (त्याच वर्षी, २०१९ मध्ये, 'द आउटर वर्ल्ड्स' नावाचा अगदी वेगळा गेमही आला. नावांत हमखास गल्लत होते.) याची सुरुवात ॲलेक्स बीचम या तरुणाच्या विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रकल्पातून झाली. पुढे मोबियस डिजिटल या छोट्या स्टुडिओने तो पूर्ण केला. कथेचं लेखन ॲलेक्सच्या बहिणीने, केल्सी बीचमने केलं. २०२०च्या बाफ्टा पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट गेम ठरला. हे सगळं मला नंतर कळलं. खेळायला बसले तेव्हा एवढंच ठाऊक होतं की अवकाशयान चालवायचं आहे.

तुम्ही एका इवल्याशा ग्रहावरचे रहिवासी आहात. आज तुमचं पहिलं उड्डाण. यान लाकडी फळ्या आणि पत्रे जोडून केल्यासारखं, कधीही खिळखिळं होईल असं. वेधशाळेत जाऊन उड्डाणाचे संकेतांक आणायचे आणि निघायचं. कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. पहिल्यांदा मी थेट आपल्याच चंद्रावर आदळले. दुसऱ्यांदा नीट उतरले, इकडे तिकडे भटकले, एका पडक्या भिंतीवरचा मजकूर वाचत होते, तेवढ्यात आभाळाचा रंग बदलला. सूर्य आक्रसला आणि फुटला. निळसर उजेड सगळीकडे पसरला. पुन्हा डोळे उघडले तर मी त्याच शेकोटीपाशी, त्याच आभाळाखाली. २२ मिनिटं. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

या २२ मिनिटांत अख्खी सूर्यमाला आपापल्या वेळापत्रकाने चालत असते, तुम्ही असा नाहीतर नसा. एकमेकांभोवती फिरणारे दोन जुळे ग्रह आहेत. एकावरची वाळू खांबासारखी दुसऱ्यावर ओतली जात असते, त्यामुळे एकाच्या गुहा भरत जातात आणि दुसऱ्याच्या पोटात दडलेल्या इमारती उघड्या पडतात. एका ग्रहाच्या गर्भात कृष्णविवर आहे आणि त्याचं कवच तुकड्यातुकड्यांनी त्यात कोसळतंय. एक ग्रह म्हणजे नुसता समुद्र. त्यावरची वादळं अख्खी बेटं उचलून अवकाशात भिरकावतात आणि बेटं परत येऊन धप्पकन पाण्यात पडतात. मी एकदा अशा बेटावर उभी होते. खाली पाहिलं तर समुद्र लांब गेलेला. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो खराच होता.

या सगळ्यात तुमचं यान पहिल्या दिवशी जसं असतं तसंच शेवटच्या दिवशी असतं. इंजिन वाढत नाही, टाकी मोठी होत नाही, नवं उपकरण मिळत नाही. यानात एक नोंदवही आहे, तेवढी मागची गोष्ट विसरत नाही. बाकी जे बदलतं ते तुम्हाला ठाऊक असलेलं.

काळ्या काट्यांच्या एका गुंत्यात, धुक्यात, यानाएवढे जबडे असलेले मासे राहतात. किती वेळा त्यांनी मला गिळलं याची मोजदाद नाही. मी वेग वाढवून पाहिला, दिवे बंद करून पाहिले, दुसऱ्या वाटेने घुसून पाहिलं. नंतर कधीतरी, अगदी वेगळ्याच ग्रहावर, वाळूने भरत चाललेल्या गुहांमधून जीव मुठीत धरून जाताना, एका प्रचंड माशाच्या सांगाड्यापाशी पोचले. तिथे भिंतीवर लाखो वर्षांपूर्वीच्या मुलांनी आपल्या खेळाचे नियम लिहून ठेवले होते. एकाने मासा व्हायचं. माशाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. बाकीच्यांनी गुपचूप त्याच्या पलीकडे जायचं.

आंधळी कोशिंबीर!

मी कंट्रोलर खाली ठेवला. माशांना दिसत नाही. त्यांना ऐकू येतं. आणि मी इतके दिवस त्यांच्यासमोर इंजिन गुरगुरवत जात होते. पुढच्या फेरीत त्या धुक्यात शिरले, इंजिन बंद केलं आणि यान आपसूक तरंगत जाऊ दिलं. एक जबडा डावीकडून सरकत गेला. माझी बोटं बटणांवरून उचललेली होती, तरी मी श्वास रोखून धरला होता. मला कुठलंही कवच मिळालेलं नव्हतं. केव्हाच नाहीशा झालेल्या मुलांच्या एका खेळाचा नियम तेवढा मला समजला होता.

म्हणूनच जाणकार माणूस हा गेम पहिल्याच फेरीत संपवू शकतो. वाट पहिल्या मिनिटापासून उघडी असते. कुलूप तुमच्या अज्ञानाचं असतं.

अँड्र्यू प्राहलोच्या संगीताबद्दल लिहायलाच हवं. तुमच्याआधी गेलेले तुमच्याच गावचे प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर एकेकटे बसलेत आणि प्रत्येक जण एक वाद्य वाजवतोय. बँजो, बासरी, माउथ ऑर्गन, ढोल, नुसती शीळ. यानातून दूर अवकाशात जाऊन ऐकण्याची दुर्बीण त्यांच्याकडे वळवली की एकेक सूर सापडतो. पुरेसं लांब गेलं की ते सगळे एका रेषेत येतात आणि कळतं की हे सगळे एकच धून वाजवताहेत. एकमेकांना ऐकू येत नसताना. मी कित्येक फेऱ्या काहीच न करता तिथे तरंगत काढल्या, सूर्य फुटेपर्यंत.

शेवटची नामावली सरकून गेली आणि मला लगेच पुन्हा खेळावंसं वाटलं. ते शक्य नव्हतं. बाकीचे गेम पुसून नव्याने सुरू करता येतात, कारण ताकद पात्राकडे असते आणि पात्र पुसता येतं. हा माझ्यात साठलेला होता. मला पुसायची सोय नाही.

दुसरा गेम बाबांमुळे संपला.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' २०१८चा. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला, संगीतसुद्धा त्याचंच. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज १८०२ मध्ये लंडनहून निघतं आणि बेपत्ता होतं. १८०७ मध्ये ते फाटक्या शिडांनिशी इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदराला लागतं. आत जिवंत कुणी नाही. तुम्ही कंपनीचे विमा निरीक्षक. हातात ६० माणसांची यादी, जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली त्यांची रेखाटनं, एक कोरी वही आणि एक घड्याळ. मृतदेहापाशी घड्याळ उघडलं की त्या माणसाच्या अखेरच्या क्षणाचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो. गोठलेल्या दृश्यात फिरायचं, पाहायचं आणि प्रत्येक माणसाचं नाव आणि त्याचं काय झालं ते वहीत लिहायचं. सगळं चित्र काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखं.

तीन माणसांची माहिती अचूक भरली की गेम ती पक्की करतो, एकेकट्याची करत नाही. ही फार विचाराने केलेली योजना आहे. एकेक नाव तपासून मिळालं असतं तर माणूस अंदाज मारत बसला असता.

बाबांना गेम वगैरेमध्ये कधी रस नव्हता. त्यांनी आयुष्यभर हिशेबतपासणी केली. मी खेळत असले की ते शेजारी वाचत बसायचे. एका संध्याकाळी मी पाऊण तास एकाच दृश्यात अडकले होते. बऱ्याच खलाशांची नावं राहिली होती आणि सगळे सारखेच दिसत होते.

"काय शोधतेस एवढं?" त्यांनी विचारलं.

"यातला कोण कोणता ते. चेहरे आहेत, नावं आहेत, पण जुळवायचं कसं ते कळत नाही."

त्यांनी चष्मा वर केला आणि पडद्याजवळ आले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती यादी परत दाखव. अनुक्रमांक आहेत ना नावांपुढे?"

"आहेत."

"मग मघाशी त्या झोपायच्या झोळ्या होत्या, त्यांना बिल्ले होते बघ. आकडे होते त्यांच्यावर. मला वाटलं तू ते केव्हाच पाहिलं असशील."

मी पाहिलं नव्हतं. म्हणजे आकडे दिसले होते, पण आकडे म्हणून वाचले नव्हते. परत गेले. झोळीवरचा आकडा, यादीतला अनुक्रमांक, झोळीत झोपलेला माणूस. त्या संध्याकाळी सहा जण पक्के झाले. पुढचे दोन आठवडे बाबा रोज जेवण झालं की खुर्ची ओढून शेजारी बसायचे. चित्र मला दिसायचं, नोंद त्यांना. कोण कुणाच्या शेजारी उभा आहे, कुणाचा पोशाख कुणासारखा, कुठल्या देशाचे खलाशी एकत्र झोपतात, झोळीतून बाहेर आलेल्या पायात कुठला जोडा आहे. जहाजावर भारतीय खलाशीही आहेत. त्यांची नावं लागली तेव्हा बाबा म्हणाले, "यांच्या घरी कुणी कळवलं असेल का?" गेम त्याचं उत्तर देत नाही. मला तो प्रश्नही सुचला नव्हता.

या गेमची एक गोष्ट मला खटकली. एखादं दृश्य पुन्हा पाहायचं तर त्या मृतदेहापाशी चालतच जावं लागतं, वहीतून थेट उघडता येत नाही. जहाज तीन-चार मजली आहे. शेवटच्या टप्प्यात, जेव्हा दहा दृश्यं ताडून पाहायची असतात, तेव्हा ही पायपीट विचाराची साखळी तोडते. आणि एक चूक माझी. शेवटच्या चार जणांबाबत मी कंटाळून नावं नुसती आलटून पालटून पाहिली आणि ती बरोबर निघाली. त्या चौघांना मी ओळखलं नाही, भरून टाकलं. त्याची रुखरुख अजून आहे.

सगळं झाल्यावर कंपनी हिशेब करते. कुणाच्या वारसांना किती भरपाई, कुणाच्या मालमत्तेतून किती दंड, एकेका माणसापुढे एकेक ओळ. ज्याचा मृत्यू मी आवाजासकट अनुभवला, ज्याच्या शेवटच्या हाकेवरून त्याच्या मित्राचं नाव लावलं, तो एका रकमेत बसला होता. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "असंच असतं. शेवटी सगळं एका ओळीत बसवावं लागतं." आणि ती यादी त्यांनी अगदी खालपर्यंत वाचायला लावली, एकही नाव न गाळता.

'सेलेस्ट'पर्यंत येताना मला वाटलं होतं, डोक्याने सोडवायचे गेम झाले, आता जरा हलकं काहीतरी. उड्या मारत डोंगर चढायचा, एवढंच तर आहे. २०१८च्या जानेवारीत आलेला हा गेम. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आधी चार दिवसांत एक चिमुकला नमुना बनवला होता, त्यातून तो वाढला. तो मूळ नमुना या गेमच्या पोटात लपवून ठेवलेला आहे, सापडला की खेळता येतो.

मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढायला निघते. का, ते तिलाही नीट सांगता येत नाही. ती उडी मारते, भिंतीला थोडा वेळ चिकटते आणि हवेत एकदा झेप घेते. झेप घेतली की तिचे लाल केस निळे होतात, जमिनीला पाय लागला की पुन्हा लाल. बस्स. या तीन क्रियांवर जवळजवळ अख्खा गेम उभा आहे. काट्यांना लागलात की मेलात, पण क्षणार्धात त्याच पडद्याच्या, म्हणजे वाटेच्या त्या एका तुकड्याच्या, सुरुवातीला परत उभे. बाबा एकदा न राहवून म्हणाले, "अगं, सारखी सारखी मरतेस कशाला?" मी म्हटलं, "शिकतेय, बाबा." डोंगराच्या टोकाला पोचेपर्यंत माझा आकडा २,८४६ झाला होता. गेम तो आकडा लपवत नाही. उलट सुरुवातीलाच सांगतो की याचा अभिमान बाळग.

जो पडदा पहिल्यांदा पाहिल्यावर अशक्य वाटतो, तो चाळिसाव्या प्रयत्नाला अवघड वाटतो आणि सत्तराव्याला बोटं आपली आपण पार करतात. मधे नेमकं काय घडलं ते सांगता येत नाही. मॅडलिन तेवढीच उंच उडते. झेप तेवढीच लांब. अपवाद एकच, शेवटाकडे तिला हवेत दुसरी झेप मिळते. तीसुद्धा कुठल्या पेटाऱ्यात सापडत नाही. ज्या स्वतःच्याच भित्र्या, टोचून बोलणाऱ्या प्रतिबिंबापासून ती डोंगरभर पळत असते, त्याच्याशी ती थांबून बोलते, तेव्हा मिळते.

या गेममध्ये एक गोष्ट आहे जी खेळताना दिसत नाही, नंतर वाचल्यावर कळली. कड्यावरून पाय सुटला तरी निमिषभर उडी मारता येते. तुमचं बटण जरा उशिरा दाबलं गेलेलं असतं आणि गेम ते मनावर घेत नाही. झेप घेताना कोपरा निसटता लागला तर तो तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो. ज्याला सगळे निष्ठुर म्हणतात असा गेम आतून इतकं सांभाळून घेत असतो. सायकल शिकवताना मागून सीट धरलेला हात असतो ना, तसं. तो कधी सुटला ते चालवणाऱ्याला कळत नाही.

शिवाय यात मदतीची उघड सोयही आहे. वेग कमी करता येतो, झेपा वाढवता येतात, अगदी अमर होता येतं. मी सातव्या टप्प्यात एका पडद्यापाशी दोन संध्याकाळी घालवल्यावर वेग ९० टक्क्यांवर आणला, तो पडदा पार केला आणि पुन्हा पूर्ववत केला. आधी मनाला लागलं. मग विचार केला, हा डोंगर कुणाला दाखवायला चढतेय मी? ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना दिसायला अडचण आहे, त्यांनाही वर जायचंय. कुणी मदत घेऊन शिखर गाठलं तर माझं शिखर बुटकं होत नाही.

माझ्या आत सगळ्यात खोल गेलेली जागा मात्र चौथ्या टप्प्यातली आहे आणि तिथे उडीच नाही. डोंगरावरच्या रोपवेचा पाळणा अधांतरी अडकतो. मॅडलिनला श्वास घेता येईनासा होतो. छाती दाटून येते, पडद्यावर काळोख सरकायला लागतो. सोबतचा थिओ तिला सांगतो की डोळ्यांपुढे एक पीस आण, श्वासावर ते तरंगत ठेव. आणि पीस तुमच्या हाती येतं. बटण दाबलं की वर, सोडलं की खाली. सावकाश. दाबायचं, सोडायचं. लेना रेनचं संगीतही त्या लयीत उतरत येतं. मी ते करता करता माझाच श्वास कधी त्या लयीला लागला ते कळलं नाही.

मला हा त्रास आहे. मध्यरात्री विनाकारण छाती धडधडून जाग येते आणि सकाळ होईपर्यंत खोली लहान लहान होत जाते. लोकांनी मला श्वास घ्यायला सांगितलंय, अनेकदा, प्रेमानेच. पण सांगणं आणि हातात देणं यात फरक आहे. आता तशी जाग आली की माझा अंगठा चादरीवर हलतो. वर, खाली. प्रत्येक वेळी उपयोग होतो असं नाही. पण अंगठ्याला ते ठाऊक आहे, आणि त्या वेळी मला दुसरं काहीच ठाऊक नसतं.

शिखराच्या शेवटच्या टप्प्यात वाटेवर आकड्यांचे झेंडे लावलेत, ३० पासून उलटे. २९, २८. मला ते मोजणं नकोसं झालं होतं. पोचायचं होतं आणि संपायलाही नको होतं. १ दिसला तेव्हा पहाट व्हायला आली होती.

'फ्लॉरेन्स' हा फोनवरचा गेम, एका बैठकीत संपतो. केन वाँग आणि मेलबर्नच्या माउंटन्स या स्टुडिओचा, तोही २०१८चाच. एका तरुण मुलीचं पहिलं प्रेम. यात संवादाला शब्द नाहीत. बोलण्याचा बुडबुडा म्हणजे कोड्याचे तुकडे, ते जुळवले की वाक्य झालं. पहिल्या भेटीत तुकडे बरेच असतात, बोलायला वेळ लागतो. पुढच्या भेटींत ते कमी कमी होत जातात. शेवटी एकच तुकडा, नुसता जागेवर ठेवायचा. ओळख वाढणं म्हणजे काय ते मला आजवर इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. आणि भांडण होतं तेव्हा तुकड्यांना टोकं येतात. याहून जास्त सांगत नाही, कारण सांगायला लागले तर खेळायला लागेल त्याहून जास्त वेळ लागेल.

आणि 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'. जुना, २०१३चा, योसेफ फारेसने दिग्दर्शित केलेला. २०२४ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. दोन भाऊ आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. दोन्ही हातांनी दोघांना एकाच वेळी चालवायचं. सुरुवातीला फार गोंधळ उडतो. डावा डावीकडे, उजवा भिंतीत. ते बोलतात ती भाषाही बनवलेली आहे, समजत नाही, हावभावांवरून घ्यायचं. धाकट्याला पाण्याची भीती. आई बुडताना त्याने पाहिलेली आहे. त्यामुळे पाणी आलं की तो थोरल्याच्या पाठीवर बसतो, डावा हात पोहतो, उजवा नुसता धरून ठेवतो.

शेवटाकडे थोरला मरतो. धाकट्याच्या हातून त्याला पुरून घेतलं जातं. आणि त्यानंतर माझा डावा हात रिकामा झाला. इतका वेळ कामात असलेला हात कंट्रोलरवर तसाच पडून होता आणि त्याला काही करायचं नव्हतं. दुःख दाखवायच्या किती तरी तऱ्हा मी पाहिल्यात. ही तऱ्हा डाव्या हाताला कळली.

मग घराच्या वाटेवर पाणी लागतं. धाकटा काठावर थांबतो. उजवीकडचं बटण दाबलं की तो मान हलवतो, मागे सरतो. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी बराच वेळ तिथे उभी होते. शेवटी काही सुचेना म्हणून डावं बटण दाबलं. थोरल्याचं.

धाकटा पाण्यात उतरला.

त्याला कुणी काही दिलं नव्हतं. भावाचं बटण माझ्या डाव्या बोटाखाली होतं, तेवढंच. मी तो किनारा रडत पार केला. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं, काही विचारलं नाही आणि पुन्हा वर केलं.

गेल्या आठवड्यात ते म्हणाले, "तो अवकाशाचा होता ना तुझा, तो मला लावून दे."

मी लावून दिला आणि मागे बसले. ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. मला जे पुन्हा कधीच मिळणार नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहायला मिळेल, एवढ्यासाठी मी बसले होते. मनातल्या मनात मोजत होते, आता संकेतांक आणतील, आता चंद्रावर आदळतील, आता २२ मिनिटं होतील.

बाबा वेधशाळेकडे गेलेच नाहीत. गावात दोन मुलं आहेत, ऐकण्याची दुर्बीण घेऊन लपाछपी खेळायला बोलावतात. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा त्यांना ओलांडून सरळ यानाकडे धावले होते. बाबा त्यांच्याशी लपाछपी खेळले. मग शेकोटीवर मार्शमेलो भाजायला शिकले, पहिले दोन जाळले, तिसरा नीट भाजला. मग गावातल्या एकेका माणसापाशी जाऊन त्याचं सगळं बोलणं वाचून काढलं, चष्मा वर करून, ओठ हलवत.

"बाबा, वर जायचं नाही का तुम्हाला?" मी शेवटी विचारलंच.

"जाऊ की. घाई आहे का काही?"

घाई नव्हती. संकेतांक घेईपर्यंत त्या गेममध्ये ती २२ मिनिटं सुरूच होत नाहीत. पाच दिवस झाले, बाबा रोज तासभर त्या गावात असतात. काल त्यांनी दुर्बीण आभाळाकडे वळवली आणि कुठून तरी लांबून बँजो ऐकू आला. त्यांनी आवाज वाढवला आणि मला हाताने गप्प बसायची खूण केली.